मी दोनदा ‘नाका’ म्हटलं

पेडणे
शनिवार, ४ ऑक्टोबर

ताये,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या मला धड खाली बसता येत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून शेवटी कागद. शेजारची सुविधा रोज तुझ्याच दवाखान्यात डिचोलीला कामाला येते, तिच्या हाती देतोय. वाटेत तिने पाकीट उघडलं तर उघडू दे. गावाला आपलं काय माहीत व्हायचं राहिलंय?

माझ्या उजव्या भुवईवर पाच टाके पडलेत. मी पडलो तेव्हा तू बायकांमध्ये उभी होतीस, आणि रक्त बघूनसुद्धा स्कूटर काढून डिचोलीला निघून गेलीस, ती अजून घरी आली नाहीस. रागावायचा हक्क तुझा आहे, पण आधी ऐकून घे. परवा दसर्‍याला देवळात जे झालं ते देवाने केलं नाही आणि मीही केलं नाही. ते माझ्या बीपीने केलं. तू नर्स आहेस, तुला हे बाबांपेक्षा लवकर कळेल.

बावीस वर्षं आपल्या घरातून बाबांनी तरंग धरला. यंदा त्यांचा गुडघा गेला आणि मान माझ्याकडे आला. बायकांच्या हाती तरंग देत नाहीत, म्हणून तुला सांगतो ते काय ओझं आहे. दीड पुरुष उंचीचा खांब, त्याला नेसवलेल्या साड्या, वर देवाचा मुखवटा, आणि सगळा भार तुझ्या कमरेच्या पट्ट्यावर. माझी विमानतळावरची नोकरी खुर्चीत बसायची. सगळ्या गावासमोर हातपाय कापले तर काय, या भीतीने सोमवारी संध्याकाळी मी उकड्या तांदळाची पंचवीस किलोची गोण खांद्यावर घेतली आणि दोनशे उठाबशा काढल्या. आई सांगत होती, "पुरो रे, पांय भरतले." मी कुठला ऐकतोय. मंगळवारी मिशीवर ताव देत फिरलो. बुधवारी घरापुढच्या बाल्कांवाच्या तीन पायर्‍या उतरताना डोळ्यांतून पाणी आलं. गुरुवारी, म्हणजे दसर्‍याला, मांड्या-पोटर्‍यांना धोतर लागलं तरी कळ येत होती.

त्यात उपास, सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. देवापुढे गावाचं मागणं मांडणार्‍या बाबली काकांचं गार्‍हाणं चांगलं चाळीस मिनिटं चाललं. बाबा दरवर्षी गार्‍हाण्याच्या वेळी या पायावरचा भार त्या पायावर घेत उभे असायचे. मला पाय उचलायचीच भीती, म्हणून मी एका जागी ताठ. आणि तिथेच घोटाळा झाला. उभ्या माणसाचं रक्त पायांत उतरतं आणि पोटर्‍या हलल्या की वर ढकललं जातं, हे मी तुला काय शिकवणार. माझं उतरलं ते तिथेच राहिलं. आधी जांभया आल्या, मग घाम, मग डोळ्यांपुढे पिवळं. मी डुलायला लागलो. दुसर्‍या कुठल्या गावात माणूस असा डुलला तर त्याला धरून खाली बसवतात. आपल्याकडे ढोलवाल्याने हात वाढवला आणि बाबली काका ओरडले, "अवसर आयलो!" देव अंगात आला म्हटल्यावर त्याला कोण धरणार.

बाबा हात जोडून पुढे आले. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. कानात नुसती शिट्टी वाजत होती. लोक सांगतात त्यांनी तुझ्या आणि अविनाशच्या लग्नाचं विचारलं, "देवा, माज्या चेडवाक त्या घाटावयल्या घरांत दिंव काय नाका?" आणि मी म्हणालो, "नाका... नाका." ते मी माझ्याच अंगाला म्हणत होतो, पडू नको म्हणून. मग पडलो. तरंग सावरायला सहा हात धावले, मला सावरायला एक नाही. देव वाचला, मी पायरीवर.

टाके घातल्यावर दवाखान्यात बीपी घेतलं. झोपून ११८/७६. उभं केल्यावर ८६/५०. आता तूच सांग, यात देव कुठे आला?

फोन सुरू कर.

साईश


पेडणे
बुधवार, १५ ऑक्टोबर

ताये,

अकरा दिवसांनी तुझी चिठ्ठी आली आणि तीही चार ओळींची. "उभ्याचं बीपी कोणी घेतलं? कागद पाठव. काल रजिस्ट्रारकडे पहिली सही केली. दुसरी ७ नोव्हेंबरला. आईला पाठव, तू येऊ नको."

पहिली सही झाली म्हणजे अर्धं लग्न झालंच की. सुविधा म्हणाली, अविनाशने आकाशी शर्ट घातला होता आणि त्याच्या आईने, हौसाबाईंनी, कचेरीतल्या शिपायालासुद्धा पेढा दिला. मला वाईट वाटलं. आपल्या घरचं तिथे कोणी नव्हतं याचं वाटलं, आणि तो पेढा मला मिळाला नाही याचंही वाटलं. हसू नकोस.

कागद नाही, ताये. उभ्याचं बीपी कोणी घेतलंच नव्हतं. झोपवून टाके घातले, झोपवूनच बीपी बघितलं, ते बरं होतं. मी म्हटलं उभा करून बघा, तर पट्टी बांधणारा हसायला लागला. "तुज्या आंगार देव आयिल्लो मरे, ताचें कसलें बीपी?" ८६/५० हा आकडा मी मोबाइलवर कुठेतरी वाचला आणि लिहिला. तू एका ओळीत पकडशील हे कळायला हवं होतं. चुकलो.

पण आकडा खोटा असला तरी गोष्ट खरी आहे. मला भोवळ आली होती, यात तसूभर खोटं नाही.

तू का विश्वास ठेवत नाहीस तेही मला ठाऊक आहे. जुलैत तू अविनाशचं नाव घरात पहिल्यांदा घेतलंस, तेव्हा मी जेवत होतो आणि ताटावरून न उठता म्हणालो होतो, "अख्ख्या गोव्यात तुका तो घाटीच गावलो?" अविनाशचे वडील सुभाषराव चंदगडहून डिचोलीच्या कारखान्यात आले त्याला तीस वर्षं झाली. पोरगा जन्मला डिचोलीत, शिकला डिचोलीत, आता फिटर आहे, आणि कोंकणी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. तरी मी तो शब्द वापरला. तू आमटीचं भांडं माझ्यापुढून उचलून नेलंस. आता तुला वाटतंय की जेवताना जे म्हटलं तेच मी दसर्‍याला देवाच्या तोंडून वदवलं. बाबांनाही हवं होतं तेच झालं, म्हणजे बापलेकांनी मिळून केलं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही असंच वाटलं असतं.

आईला मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती तुझ्या सहीवरून बोट फिरवत बसली आणि मग म्हणाली, "देवान नाका म्हटलां. मगे हांव कशी जांव?" तिला यायचं आहे, ताये. पण ते ‘नाका’ मधे उभं आहे आणि ते माझ्या तोंडून आलंय. मी काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

साईश


पेडणे
शनिवार, २५ ऑक्टोबर

ताये,

हुकमाप्रमाणे केलं. तुझी चिठ्ठी भिंतीवर चिकटवली होती: "तीच गोण, तेवढ्याच उठाबशा. तिसर्‍या दिवशी पाच मिनिटं झोपून मोज, मग उभं राहून लगेच आणि तीन मिनिटांनी. जे येईल ते लिही."

दिवाळीच्या पाडव्याला लोक फोव-पोहे खात होते आणि मी मागच्या अंगणात गोण घेऊन वरखाली. बाबा बाल्कांवातून बघत होते. पहिल्या शंभर त्यांनी मोजल्या. मग आईला म्हणाले, "देव आंगार येवन गेल्यार मनीस असोच जाता." दोनशे पुरे केल्यावर मी चिंचेखाली आडवा पडलो.

पाय पुन्हा भरले, पण दसर्‍याइतके नाही. आज तिसरा दिवस. मशीन नवीन आणलंय, सुविधाने दवाखान्यातल्या मशीनशी ताडून दिलंय, तेव्हा मशीनवर ढकलता येणार नाही. आईने पट्टा बांधला. झोपून १२०/७८. उभा राहिल्याबरोबर ११४/७६. तीन मिनिटांनी ११६/८०. भोवळ नाही, घाम नाही, जांभईसुद्धा नाही. पुन्हा झोपलो, पुन्हा उभा राहिलो. तेच. आईने सहाव्यांदा पट्टा बांधायला नकार दिला.

मग जिद्दीने एका जागी चाळीस मिनिटं उभा राहिलो, खराटा कमरेला लावून. शेजारच्या म्हातार्‍या सत्यवतीमावशी कुंपणावरून बघत होत्या, त्यांनी लांबूनच हात जोडले. अडतिसाव्या मिनिटाला थोडं गरगरल्यासारखं झालं आणि मला इतका आनंद झाला की त्यानेच बीपी वर चढलं असेल. मशीनने दाखवलं ११०/७८. याला कोणी पडणं म्हणणार नाही.

ते आकडे घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्याच ज्यांनी टाके घातले. भल्या बाई आहेत, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एकदा व्यायामाने पाय दुखले की पुढच्या वेळी तोच व्यायाम तेवढा लागत नाही, शरीर सावध होतं. म्हणाल्या, नुसत्या दुखर्‍या पायांनी उभ्या माणसाचं बीपी पडेलच असं नाही, दुखण्याने काहींचं उलट चढतं. त्या दिवशी उपास होता, पाणी नव्हतं, गर्दीचा उकाडा, कमरेला करकचून पट्टा, त्यात पाय हलवायची भीती, हे सगळं एकदम जमून आलं असेल. मी विचारलं, "असेल की होतं?" तर म्हणाल्या, "तेव्हा कोणी मोजलं नाही ना. आता मी काय सांगू?"

रडकुंडीला येणं म्हणजे काय ते मला त्यांच्या खुर्चीत कळलं. माझ्याच अंगात काय झालं ते मला सिद्ध करता येत नाही. खोटा आकडा किती सोपा होता, दहा सेकंदांत लिहिला. या वेळी पण मोह झाला. ११४ च्या जागी ९४ केलं असतं तर तुला कळलं नसतं. पण जे येईल ते लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं.

आता फक्त बाबांना समोरासमोर सांगायचं राहिलंय. तेही करतो.

साईश


पेडणे
शनिवार, १ नोव्हेंबर

ताये,

सांगितलं. त्याचं काय झालं ते ऐक.

बाबा रोज सकाळी देवळात जातात, सोमवारी मी बरोबर गेलो. गाभार्‍यासमोर दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी माझ्या अंगात देव नव्हता. माझं बीपी पडलं होतं. पाय भरले होते, उपास होता, चक्कर आली. मी ‘नाका’ म्हटलं ते देवाने म्हटलं नाही." देवासमोर सांगितलं, खोटं कसं बोलेन?

मला वाटलं चिडतील, हात उगारतील. बाबा अजिबात चिडले नाहीत. त्यांनी माझ्या भुवईवरच्या खुणेला बोट लावलं आणि म्हणाले, "सायशा, देव काय विमानांतल्यान येता? मनशाच्याच आंगांतल्यान येता. ताका तुजें बीपी देंवोवन येवपाचें आसलें, तो तशें आयलो."

मी म्हटलं, अहो, बीपी उतरलं ते उठाबशांनी, आणि त्या मी काढल्या, देवाने नाही. म्हणाले, "बुद्दी कोणें दिली?" मी म्हटलं, मग परवा त्याच उठाबशांनी काही का झालं नाही? त्यांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मी खाली बघितलं. म्हणाले, "कित्याक म्हणल्यार त्या दिसा देव नासलो."

परवा देव नव्हता म्हणून काही झालं नाही म्हणे. बघ, संपलं! ज्या आकड्यांनी मला तुझ्यापुढे खोटं पाडलं त्याच आकड्यांनी बाबांपुढे देव खरा ठरवला. बीपी पडलं असतं तरी देव, नाही पडलं तरी देव. आम्ही तीर्थ घेतलं आणि घरी आलो. वाटेत त्यांनी मला पोदेराच्या बेकरीवर थांबून गरम उंडे पाव घेऊन दिले, लहानपणी द्यायचे तसे. त्यांना वाटतंय माझ्यावर देवाने फार भार टाकला आणि मी घाबरलोय. ताये, ते दुष्ट नाहीत गं. तुझी खोली रोज उघडून पंखा लावून बसतात. पण देवाचा शब्द मोडून ते येणार नाहीत, आणि आईला येऊ देणार नाहीत.

तुझी तिसरी चिठ्ठी काल मिळाली. तिच्यात दोनच वाक्यं होती. "आकडे खरे पाठवलेस, बरं वाटलं. मग आता हे तरी खरं सांग, बाबांनी काय विचारलं ते तुला ऐकू आलं होतं की नाही?"

ते पुढच्या खेपेला लिहितो. आज सुविधा लवकर निघतेय.

साईश


पेडणे
गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळ

ताये,

सुविधा त्या दिवशी लवकर निघाली नव्हती. नेहमीच्याच बसने गेली. मलाच लिहायचं नव्हतं.

ऐकू आलं होतं. कानात शिट्टी होती, ती खरी. डोळ्यांपुढे पिवळं होतं, तेही खरं. पण बाबा अगदी जवळ आले होते, त्यांच्या तोंडाचा कापराचा वास आला, आणि त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. पहिलं ‘नाका’ माझ्या तोंडून गेलं ते मी ठरवून म्हटलेलं नाही. मी पडत होतो, कोणीतरी धरावं म्हणून ते निघालं. त्याच्यावर हवं तर बीपीचं नाव लिही. पण ते ऐकून ढोल थांबला. एवढ्या माणसांनी माझ्यासमोर हात जोडले, बाबांनीसुद्धा. जन्मात कोणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. आणि त्या एका श्वासात मला कळलं की आता मी जे म्हणेन ते होईल. मी तुला गर्दीत बघितलं. तू हात जोडले नव्हतेस. मला अविनाश आठवला, आणि मी दुसर्‍यांदा म्हटलं.

ते मी म्हटलं. पायांनी नाही, रक्ताने नाही. त्यानंतर दोन सेकंदांत मी खरोखरच पडलो, आणि पडल्यामुळे सुटलो. टाके पडल्यावर कोण विचारणार? महिनाभर मी तुला रक्तदाब शिकवत बसलो, उठाबशा काढल्या, मशीन आणलं, डॉक्टरीणबाईंचा वेळ खाल्ला. कधीकधी मलाच वाटायचं की एकदा तो आकडा खाली आला की दुसरं ‘नाका’ही पुसलं जाईल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तुझ्या जागी मी केलं नसतं.

काल दुपारी आई भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं, दोन्ही ‘नाका’ वेगवेगळी करून. ती भाजीच निवडत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून परत सांगायला लागलो, तर तिने ओल्या हाताने माझ्या तोंडावर एक ठेवून दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मग रडली. मग विचारलं, "बाबांक सांगलें?" मी म्हटलं, सांगून उपयोग नाही, ते म्हणतील दुसरंही देवानेच म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तशेंच म्हणतले." मी म्हटलं, आई, तू मात्र जा. ती उठली, हात धुतले, आणि कपाटातून ती जांभळी पैठणी काढून उन्हात टाकली. बाबांनी विचारलं तर म्हणाली, कसर लागलीय.

उद्या ती साडेसातच्या बसने निघेल, म्हापशाला बदलून. बाबा तेव्हा देवळात असतात. डिचोलीच्या स्टँडवर अविनाशला पाठव. तिने त्याला कधी पाहिलेलं नाही आणि तिला रस्ता ओलांडायची भीती वाटते, तेव्हा त्याने पुढे होऊन हाताला धरलं तरी चालेल. तिच्या पिशवीत तुझी दोन कांकणं आहेत. साक्षीची सही तिला पटकन जमणार नाही, कोणाला गडबड करू देऊ नका.

मी येत नाही. तू नको म्हणालीस म्हणून तर आहेच, पण बाबा साडेआठला देवळातून परत येतात. घर रिकामं बघून ते विचारतील, आईला जायला कोणी सांगितलं. तेव्हा मी दारात असणार आहे. मी सांगणार आहे, देवाने नाही, बीपीने नाही, बाबा, मी सांगितलं.

साईश